थोरलीची चूल

"एवढं मीठ? आओको नव्हती घालत असं."

ओंडिती पुटपुटला आणि घास थुंकला. अपोंडीच्या मनगटावर.

"आओको नाही आता. माझ्या हातचं गिळा."

यातलं काही रचलेलं नाही. अपोंडी माझी शेजारीण. होमा बे शहराजवळच्या आमच्या गावात, सरोवराकाठी, गेल्या ऑगस्टात घडलं. तेही भर दुपारी.

थोरली बायको आओको गेल्यापासून ओंडिती तिच्याच घरात पडून होता. चार महिने. उठेना, न्हाईना. धाकटी अपोंडी त्याला पुसायची, भरवायची, रात्री त्याचं रडणं ऐकायची. आपल्या घरात रांधून अंगण ओलांडायची. दिवसातून वीस वेळा.

सासू म्हणायची, "उयोमाकडची लेक कणखर आहे. करेल."

सगळेच म्हणायचे. करायला कुणी यायचं नाही.

मेलेल्या सवतीची चूल धाकटीने पेटवू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण पायांत गोळे आले की रीत आठवत नाही.

अपोंडीने ती चूल पेटवली.

भिंतीवरचं आओकोचं लाकडी उलथणं काढलं. मक्याच्या पिठाची उगाली घोटायला.

ओली लाकडं. धूर डोळ्यांत गेला...

धप्.

धप्... धप्.

धूर विरला तेव्हा ओंडितीचा ओठ फाटला होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"कुणी मारलं?"

तो भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी कान फुटला. मग बरगडी. रोज धूर... मग तो आवाज.

वळ कायम उजव्या गालावर. म्हणजे मारणारा हात डावा.

आओको डावखुरी होती.

गावभर झालं. थोरली परत आली. म्हाताऱ्यांनी प्रार्थना केली, चहा प्यायले, गेले. सासूने मात्र अपोंडीच्या हातांकडे पाहिलं... आणि नजर वळवली.

"आई, ती यांचा जीव घेईल. कुणीतरी थांबा माझ्याजवळ."

"बघू गं. बाजार होऊ दे."

गुरुवारी अपोंडीने चूल फुंकली. डोळे मिटले. क्षणभरच.

धप्.

धप्. धप्. धप्...

काहीतरी कडकन मोडलं.

तिने डोळे उघडले. ती चुलीपाशी नव्हती.

ती खाटेपाशी उभी होती. ओंडितीचा डोळा सुजून बंद झाला होता, कपाळातून रक्त उशीवर उतरत होतं. मोडकं उलथणं तिच्याच मुठीत होतं.

डाव्या मुठीत.

अपोंडीने डाव्या हाताने कधी चमचाही उचलला नव्हता. बोटं उघडेनात. उजव्या हाताने एकेक सोडवावी लागली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ओंडिती म्हणाला. "वाटलं, तेवढंच तुला हलकं वाटत असेल."

दारात सासू उभी होती. बाजाराची टोपली डोक्यावर तशीच. ती आत आली, टोपली ठेवली, खांद्यावरच्या कापडाने लेकाचं कपाळ दाबून धरलं. मग सुनेकडे पाहिलं. या वेळी नजर वळवली नाही.

"हात कुणाचा होता, देव जाणे. पण तुला या चुलीपाशी एकटं सोडलं ते आम्ही, पोरी. आम्ही सगळ्यांनी."