डाव्या कानामागची फुंकर

मिरजेतल्या त्या दवाखान्यात अळीचे आता कुणाला नवल वाटत नसे. तिचे खरे नाव धमनीगामी तंतू. पण मनगटाच्या धमनीतून शिरून, रक्ताच्या वाटेने स्वतःच वळत डोक्यापर्यंत पोचणाऱ्या त्या केसाएवढ्या वस्तूला पेशंट अळीच म्हणत, आणि पुढे डॉक्टरही म्हणू लागले. त्या सकाळी ती गौसमहंमद सतारमेकरांच्या मनगटात शिरली. चाचांनी भूल नको म्हणून हट्ट धरला होता, आणि काचेपलीकडे बसलेली त्यांची बायको राबियाचाची त्यावरून माइकवर त्यांना बोलून घेत होती.

तिचा तो हक्कच होता. वर्षभर चाचांच्या डाव्या कानात सूं-सूं होत होते, आणि तंबोरे घडवण्यात हयात घालवलेला हा शहाणा माणूस दोष देत होता भोपळ्यांना. भोपळा नीट वाळलेला नाही, आत हवा घुमते, असे म्हणून त्यांनी अकरा भोपळे मळेवाल्याला परत पाठवले. बाराव्याच्या वेळी राबियाचाचीने आधी भोपळ्याला कान लावला, मग वैतागून चाचांच्या कानामागे लावला. फुंकर तिथे होती, नाडीच्या ठोक्यागणिक. इतक्या रागाने आणि इतक्या प्रेमाने कुणाचे निदान क्वचितच झाले असेल.

डॉक्टर केतकी उपाध्येने दोघांना चित्र दाखवून समजावले होते. मेंदूवरच्या आवरणात एक धमनी नको तिथे थेट शिरेला जोडली गेली होती. धमनीतले जोराचे रक्त नाजूक शिरेत घुसत होते, आणि ती शीर कधी फुटेल याचा नेम नव्हता. अळीने तिथे जाऊन डिंकासारखा थेंब सोडायचा, की वाट बंद. पण त्याच धमनीचा एक फाटा कानाला रक्त पुरवत होता. थेंब किंचित पुढे सरकला तर डावा कान कायमचा जाणार. आणि चाचा तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून तारेचा झंकार मोकळा करायचे, ते याच कानाच्या भरवशावर.

अळीने दोन थेंब सोडले. पडद्यावरचा प्रवाहाचा आकडा शून्यावर आला. प्रवाह बंद, असे यंत्राने जाहीर केले.

"नाही झाला," चाचा म्हणाले. "आवाज बारीक आहे, पण आहे."

केतकीने पुन्हा मोजले. शून्य. सवयीचा आवाज मनात रेंगाळतो, असे तिने समजावले.  डोळे मिटून चाचा प्रत्येक फुंकरीला टेबलावर बोट टेकवू लागले. केतकीने त्यांना न सांगता अळी क्षणभर फुगवून वाट अडवली. बोट थांबले. अळी आक्रसली, बोट सुरू झाले. तिने तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा तेच झाले.

तिसरा थेंब सोडला तर कान जाण्याची शक्यता तीनात एक, यंत्राने बजावले. न सोडला तर यंत्राच्या मते धोका काहीच नव्हता. केतकीने दोन्ही गोष्टी मोठ्याने वाचून दाखवल्या. चाचांनी डोळे उघडून काचेकडे पाहिले. 

मग माइकवरून राबियाचाची म्हणाली, "डॉक्टर, तंबोरे लावणारे मिरजेत पुष्कळ आहेत. मला हा माणूस एकच आहे."

"ऐकलंत ना?" चाचा म्हणाले. "सोडा."

थेंब पडला. बोट थांबले ते थांबलेच. पण कानाचे काय, हे विचारायला कुणी धजेना. राबियाचाची आत आली, त्यांचा उजवा कान तळहाताने घट्ट झाकून डाव्या बाजूला वाकली आणि चहा घेणार का, असे जेमतेम पुटपुटली. साखर घालणार असशील तर, असे उत्तर आले. राबियाचाची सगळ्यांदेखत रडली.

दुपारी केतकी अहवाल लिहायला बसली. तिसरा थेंब कशाच्या आधारे, या रकान्यात यंत्राने आधीच प्रश्नचिन्ह टाकून ठेवले होते. ते खोडून तिने लिहिले, "पेशंटने ऐकले." मग तिने जुन्या अहवालांची यादी उघडली. त्या वर्षी याच शून्यावर विसंबून तिने त्रेसष्ट जणांना घरी पाठवले होते. सगळे उपचारावेळी भूल घेऊन निजलेले, आणि नंतर कुणी तक्रार केलीच तर सवयीचा आवाज म्हणून समजावलेले. त्यांतल्या किती जणांच्या कानामागे ती फुंकर अजून चालू असेल?