गुरुवारची चादर

ही घटना खरी आहे. यात पदरचं एक अक्षरही मी घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या पद्मावतीअक्का माझ्या नात्यातल्या. वय अठ्ठावन्न, स्वभाव रोखठोक. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून आत जाणाऱ्या.

तारीख ११ जुलै २०२४. गुरुवार. वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. पाऊण वाजला होता.

ठिकाण बेंगळुरू, एचएसआर लेआउट. इमारतीचं नाव सांगत नाही, कारण तिथे आजही माणसं राहतात.

अक्कांचं घराणं बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्यांचं. घर जे. पी. नगरात. महिनोन्‌महिने भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येणाऱ्या पाहुण्यांना लागणारं सामान त्या पुरवतात. चादरी, अभ्रे, टॉवेल, पायपुसणी. सोबत साबण, भांडी घासायचं लिक्विड, कचऱ्याच्या पिशव्या. दर आठवड्याला धुतलेला सेट द्यायचा, वापरलेला घेऊन यायचा. घरामागच्या शेडमध्ये मोठी मशिनं आहेत, तिथे सगळी धुलाई चालते.

शेड सांभाळते अंबूबाई. धारवाडकडची. इथे येण्याआधी तिने बावीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून काढलेली.

त्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये राहत होता कृष्णात. मूळचा कोल्हापूरचा, आयटीतला, सहा महिन्यांसाठी आलेला. एकटाच. फ्लॅटला खोल्या दोन. मोठीत तो झोपायचा, धाकटी रिकामी. पण मालकाची अट होती, वापर असो नसो, दोन्ही पलंगांच्या चादरी दर गुरुवारी बदलायच्या. चादरी तोच बदलायचा आणि वापरलेल्यांचं गाठोडं दाराबाहेर ठेवायचा.

जूनमधल्या एका गुरुवारी अंबूबाईने ते गाठोडं शेडमध्ये सोडलं...

आणि आधी वास आला.

फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखा. त्यात औषधाचा उग्रपणा. आणि त्याच्याही खाली काहीतरी गोडसर.

अक्का दोन पावलं मागे सरकल्या. अशा धंद्यात माणसांची घाण नवी नसते. सांडलेली दारू, ओकाऱ्या, रक्त, सगळं त्यांनी पाहिलेलं. पण हे वेगळं होतं.

चादरीवर डाग होते. पिवळट हिरवे. मधे कडक झालेले, कडांना ओलसर. एका डागाला कातडीचा पातळ पापुद्रा चिकटलेला. उशीच्या अभ्र्यावर लांब पांढरे केस, तेलकट, गुंता झालेले.

"शी! काय माणूस आहे हा," अक्का म्हणाल्या. "किती घामट!"

अंबूबाई चादर पसरून बघत राहिली. तिने नाकसुद्धा झाकलं नव्हतं.

"घाम नव्हे अक्का हा. बघा स्वल्प. इथे दोन टाचा. हे माकडहाड. हे दोन खांदे. आणि हे डोक्याचं मागचं."

"म्हणजे?"

"पडून राहिलेलं माणूस. कूस न बदललेलं. पाठ सडल्यावर असे डाग पडतात."

चादर लहान पलंगाच्या मापाची, म्हणजे धाकट्या खोलीची होती. अक्कांनी लगेच कृष्णातला फोन लावला.

"घरात कुणी आजारी आहे का रे? आई, आजी?"

"नाही काकू, मी एकटाच आहे. आई कोल्हापूरला असते. का हो?"

"धाकट्या खोलीची चादर बघितलीस का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काकू, मीटिंग आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पोरगा खोटं बोलतोय, असं अक्कांना वाटलं. कुणातरी म्हातारीला आणून खोलीत टाकलंय आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यांना त्याचीच किळस आली.

पुढच्या गुरुवारी डाग मोठे झाले होते. त्या चादरी त्यांनी धुतल्याच नाहीत, फेकून दिल्या. तरी दुपारी सारूभात कालवताना बोटांना तोच वास आला. साबणाने तीनदा हात धुतले.

वास गेला नाही.

ताट तसंच सरकवून त्या उठल्या.

मालकाला, रविकिरणला, फोन केला. तो हसला. "इमारत चार वर्षांची आहे अक्का. तिथे कोणी आजारी नव्हतं, कोणी मेलं नाही. गादीसुद्धा गेल्या दिवाळीत नवी घेतली."

मग ९ जुलैला कृष्णातचाच फोन आला. आवाज बसलेला.

"काकू, प्लीज, तुम्ही या. मी त्या खोलीला कुलूप लावलंय. मी तिथे झोपत नाही, कुणालाही झोपवत नाही. आधी वाटलं वरून पाणी गळतंय, मग वाटलं उंदीर मेलाय. तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुम्ही म्हणाल, माझीच घाण आहे."

"मग चादर खराब कशी होते?"

"मी धुतलेली चादर घालतो काकू. दार लावतो. गुरुवारी उघडतो, तर..."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

त्या गुरुवारी, ११ जुलैच्या दुपारी, अक्का आणि अंबूबाई दोघी गेल्या. कृष्णातने दार उघडलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. किल्ली अंबूबाईच्या हातात देऊन तो बाहेर जिन्यातच उभा राहिला.

कुलूप निघालं. दार ढकललं...

वास अंगावर आला. अक्कांनी पदर नाकातोंडावर दाबून धरला.

खोलीत लख्ख ऊन होतं. खिडकी बंद. कपाट रिकामं. पलंगावर कुणीच नव्हतं.

पण चादर ओली होती. त्याच जागी. टाचा, कंबर, खांदे, डोकं.

"ओढ ती चादर आणि चल," अक्का पदराआडून म्हणाल्या. "गादी टाकून द्यायला सांगू त्याला."

अंबूबाईने चादरीचं टोक धरून ओढलं.

कृष्णात दर गुरुवारी काढायचा ती चादर या वेळी आली नाही.

पुन्हा ओढलं. टोकं सुटली, कडा सुटल्या. मधला भाग मात्र जागचा हलेना. कशाच्या तरी खाली अडकल्यासारखा.

अंबूबाईने हात मागे घेतला. गादीकडे नीट बघितलं. मधोमध खळगा पडला होता. माणूस निजल्यावर पडतो तसा.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "वर माणूस आहे."

अक्कांना पळावंसं वाटलं. पण अंबूबाई वाकली होती, आणि रिकाम्या उशीशी बोलत होती. दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांशी बोलत असेल तशी.

"अव्वा, चादर बदलू या हं. स्वल्प कुशीवर व्हा. मी धरते. सरी, बरं का?"

खोलीत काही हललं नाही.

मग...

गादीतला खळगा हळूहळू एका बाजूला सरकला.

अंबूबाईने जुनी चादर अर्धी गुंडाळून मधे आणली. नवी अर्धी अंथरून तिला लावली. "अक्का, पलीकडून या. वरून हात घालून पाठीला धरा, नाहीतर अव्वा परत उताणी पडेल."

"मी नाही," अक्का म्हणाल्या. "मला नाही जमणार."

"दोन मिनिटं फक्त. माझे हात दोनच आहेत."

का गेल्या, हे अक्कांना आजही सांगता येत नाही. त्या पलीकडे गेल्या. डोळे मिटले. हात पुढे केले.

हवा लागायला हवी होती.

हवा लागली नाही.

कोमट, ओली, लिबलिबीत पाठ लागली. पाठीचा एकेक मणका बोटांना कळत होता. कातडी हाताखाली घसरली, शिजलेल्या दुधीच्या सालीसारखी. तळव्याला काहीतरी चिकट लागलं आणि मनगटाकडे ओघळलं.

अक्कांनी दात आवळले. धरून ठेवलं.

अंबूबाईने खालून चादरी पलीकडे सरकवल्या. "झालं अव्वा, झालं. आता या बाजूला."

तेवढ्यात अक्कांच्या अगदी जवळून, छातीच्या उंचीवरून, एक श्वास सुटला. लांब. खूप दिवस कोंडून ठेवलेला.

तो उच्छ्वास त्यांच्या तोंडावर आला.

अक्का हात सोडून बाथरूमकडे धावल्या आणि तिथे भडाभडा ओकल्या. हात बघितले. कोरडे होते. तरी कोपरापर्यंत खरवडून धुतले.

बाहेर आल्या तेव्हा अंबूबाईने पलंग नीट केला होता. खिडकी उघडली होती. नव्या चादरीवर कुठेकुठे टाल्कम पावडर पसरलेली, आणि तिच्या मधोमध तो खळगा. पुढचं काम पाठीला हवा लागू देण्याचं, असं काहीसं पुटपुटत ती गाठोडं बांधत होती.

त्यानंतर चार गुरुवार अंबूबाई एकटी गेली. अक्का खाली गाडीतच बसून राहायच्या. दर आठवड्याला डाग लहान होत गेले. चौथ्या खेपेला नुसता टाचांचा ओलावा होता आणि वास जवळपास नव्हताच.

मग ऑगस्टमध्ये कृष्णात यशवंतपूरला दुसरीकडे राहायला गेला. रविकिरणने फ्लॅट नव्या लोकांना दिला. चादरींचं काम दुसऱ्या कुणालातरी दिलं. धाकट्या खोलीत जुनं सामान भरून कुलूप घातलं.

अंबूबाईने हात जोडले. "अक्का, मालकाला सांगा. गुरुवारी अर्धा तास मला जाऊ दे. मी पैसे नाही मागत."

"विचारते," अक्का म्हणाल्या.

त्यांनी विचारलंच नाही.

मला हे सांगताना त्या काही लपवत नव्हत्या. "सुटले असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "तिची दया यायला हवी होती. मला नुसती घाण वाटली. आजही वाटते."

गेल्या महिन्यात त्या इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. शेडमध्येच होत्या त्या.

"अक्का, वर त्या फ्लॅटमध्ये आलेल्या नव्या लोकांची तक्रार आहे. बंद खोलीतून वास येतो. आतून कण्हल्यासारखा आवाजही येतो म्हणतात. तुमच्याकडची ती बाई, दर गुरुवारी यायची ती... ती अजून आहे का तुमच्याकडे?"

अंबूबाई हातभर अंतरावर टॉवेलच्या घड्या घालत होती.

"नाही," अक्का म्हणाल्या. "ती गावी गेली."

फोन ठेवला.

अंबूबाईने मान वर केली नाही.

फक्त तिचे हात थांबले.

सांगून झाल्यावर अक्कांनी मला विचारलं, "मी वाईट केलं का रे?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

त्या दिवशी गुरुवार होता.