हौदाकडच्या कोपऱ्यातले सहा टेकू

"आम्ही टेकू काढतो, बाई, आणि सकाळी ते परत उभे असतात!"

पाळक शांतवन आवळ्यांनी कप इतक्या घाईने खाली ठेवला, की निम्मा चहा बशीत सांडला. सांगलीच्या खासगी तपासनीस प्रमोदिनी सबनीस यांनी फडकं पुढे केलं. त्यांचे सहकारी मधुकरराव, निवृत्त तलाठी, वहीत 'भूत?' एवढं लिहून मोकळे झाले.

आष्ट्याजवळच्या एका खेड्यात आवळ्यांच्या ख्रिस्ती मंडळीने अंगमेहनतीने चर्च उभं केलं होतं. बाहेरचा मजूर एकही नाही. बायकांनी घमेली वाहिली, पोरांनी विटा. स्लॅब टाकून महिना होत आला होता, आणि उद्या, रविवारी, पहिली उपासना होती.

"शेवटचा माल पडला तेव्हा कसा गोड वास दरवळला होता! मला वाटलं, प्रभूचा आशीर्वाद," पाळक म्हणाले. "आणि आता हे! मंगळवारी स्लॅबखालचे सगळे टेकू काढले. बुधवारी एका कोपऱ्यात सहा परत उभे. ते काढले, तर गुरुवारी पुन्हा. आज सकाळी तर भिंतीवर कोळशाने लिहिलेलं: 'रविवारी हितं बसाल तर मराल.' मी पुसून टाकलं."

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला, जोतीरामला आणि स्लॅबवर पाणी मारणाऱ्या हरणाबाईला. बाई, त्याच कोपऱ्यात आमची लेकरं गायला उभी राहणार आहेत. तीस लेकरं!"

तासाभरात तिघे चर्चमध्ये पोचले. आत गार होतं आणि नको इतकं शांत. हौदाकडच्या कोपऱ्यात सहा वासे छताला भिडून उभे होते. मधुकररावांचा पाय काही उंबरा ओलांडेना.

जोतीराम आणि हरणाबाई आतच होते. जोतीराम फौजेतून निवृत्त झालेला, बांधकामाचा म्होरक्या. "एकवीस दिस झालं की टेकू काढायचं म्हंजी काढायचं. ह्यो कोपरा शेवटी भरला, एवढंच. अजून वल हाय, ती ह्या म्हातारीमुळं. लय पाणी मारती."

"आवं, सगळीकडं सारकंच मारते की!" हरणाबाई उसळली. "आन् मला घागर उचलंना, मी वासं कुठनं उचलू?"

प्रमोदिनीबाई छताकडे बघत होत्या. लाल मुंग्यांची रांग वाशावरून चढून वरच्या काळपट डागात शिरत होती.

"इथे डबे खात असतील," मधुकरराव दारातूनच म्हणाले.

"छताला चिकटून?"

तेवढ्यात चिमूटभर वाळू बाईंच्या खांद्यावर पडली. त्या बाजूला झाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला मधुकररावांनी पाहिला.

शेजारी दादासोचं गुऱ्हाळ होतं. वाटेच्या हद्दीवरून त्याचं नि मंडळीचं गेल्या वर्षी कडाक्याचं भांडण झालेलं. भिंतीलगत निळी बॅरल मांडलेली होती.

"चर्चमध्ये काहीतरी विचित्र चाललंय म्हणे," बाई म्हणाल्या.

"मला काय ठावं? मी तिकडं जात न्हाई." दादासोने कपाळाचा घाम पुसला. "पर बाई, तुमी बी त्या हौदाकडच्या कोपऱ्यात जाऊ नगा. रस घ्या."

"बॅरल उसनी देता का कोणाला?"

"स्लॅबच्या दिशी त्यांचं पानी संपलं, तवा दोन भरून दिली. शेजारी हाय न्हवं?"

बाईंनी रसाचा पेला न पिता खाली ठेवला आणि सगळ्यांना चर्चच्या अंगणात बोलावलं.

"बाई, वैरी कोण ते सांगा," पाळक म्हणाले.

"वैरी टेकू काढतो, पाळकसाहेब, लावत नाही. हे छत पडू नये म्हणून कोणीतरी जिवाचा आटापिटा करतंय. छत कच्चं आहे हे त्याला ठाऊक होतं. जोतीराम, लांब काठीला एक खिळा बांधा. लांब उभं राहून तो छताच्या डागावर ओढा, आणि पटकन बाहेर या."

जोतीरामने खिळा ओढला. मूठभर माल भुसभुशीत होऊन खाली आला. तो पांढराफटक पडून बाहेर धावला.

"ओल सगळीकडे सारखी, मग मुंग्या इथेच का? कारण इथे साखर आहे. गोड पाणी पडलं की सिमेंट आळत नाही. शेवटचा माल उसन्या बॅरलच्या पाण्यात कालवला, म्हणून तो गोड वास. आता राहिला प्रश्न, टेकू कोण लावतं, भिंतीवर कोण लिहितं? कोपरा तिघांनाच ठाऊक होता. मी कोपऱ्याचं नावही काढलं नव्हतं, दादासो. तुम्हीच हौदाकडचा म्हणालात."

दादासो मटकन खाली बसला.

"धुतल्यालं बॅरल मागं ऱ्हायलं, काकवीचं गेलं. चार दिसांनी ध्येनात आलं. माज्या घराच्या येळंला गवंड्यानं सांगितलं हुतं, गुळानं शिमीट नासतंय म्हून. पर आमचं भांडान! चुकलं म्हनलो असतो, तर कोन इस्वास ठेवनार? म्हनले असते, लेकरं माराय मुद्दाम केलं. देवा, झोप न्हाई ओ मला!"

मग पाळक खाली वाकले आणि त्याच्या शेजारी मातीतच बसले.

"वास मला आला होता, दादासो. मी बॅरलात बघायचं सोडून हात जोडले."

रविवारची उपासना गुऱ्हाळाच्या मांडवात झाली. दुसरं गीत चाललं असताना पलीकडे चर्चमध्ये वासे कडाडले आणि हौदाकडचा कोपरा धाडकन कोसळला. धूळ मांडवापर्यंत आली.

गाणं तुटलं. हरणाबाई उठली आणि एकेका डोक्याला हात लावत लेकरं मोजू लागली. तीस भरली. तरी तिने पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि या वेळी तिच्यासोबत दादासोही मोजत होता.