दंडावरची दोरी

मन्मथची आणि नीलाची ओळख झाली, तेव्हा त्याची स्वारी ऑपरेशनच्या टेबलावर पालथी पडलेली होती. लातूरच्या गंजात, धान्याच्या बाजारात, पोत्यांच्या थप्पीवरून घसरून मणका मोडलेला, आणि हैदराबादहून आलेले सर्जन हात धुऊन तयार.

"गळ्यातलं काढा, छातीत रुतेल," ते म्हणाले. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती.

"लिंग अंगावेगळं करता येत न्हाई, साहेब." नर्स नीला स्वतः उदगीरची लिंगायत. तिनं डबी दोरीनं त्याच्या डाव्या दंडाला घट्ट बांधून टाकली.

"लई उपकार… नाव काय तुमचं—" एवढं पुटपुटून तो क्लोरोफॉर्मच्या गुंगीत गेला.

तीन तासांनी मणका सावरला, पण डावा पंजा लुळा पडला. दोरीखाली नस दबली होती. महिन्याभरात जोर परत येईल, असं सर्जन म्हणाले. नीलाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. लिंगपूजा डाव्या तळहातावर व्हायची, आणि नेमका तोच हात तिनं घालवला होता!

सकाळी तिनं त्याला सरळ सांगून टाकलं, "दोरी मी बांधली. चूक माझी हाय."

"हाव? मग भरपाई करा." उताणा पडल्या पडल्या तो हसला. "पूजेला माझ्या हाताखाली तुमचा हात द्या."

तेव्हापासून रोज त्याच्या तळहाताखाली तिचा तळहात असे. तो बेलपान वाहायचा अन् डोळे मिटायचे सोडून तिच्याकडे बघायचा. मग ती टाचणी टोचून विचारी, "लागतंय?"

"कुठं… अजून टोचून बघा की."

तिसऱ्या आठवड्यात त्यानं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचललेला तिनं दारातून पाहिला. आनंदानं तिला रडूच आलं. तरी ती गप्प राहिली, आणि पुढचे चार दिवस हात देत राहिली.

पाचव्या दिवशी त्याला घरी सोडणार होते.

"हात कसा हाय, अप्पा?" नीलानं विचारलं.

"लुळाच…"

"खोटं. चार दिवस झाले बरा होऊन. तांब्या उचलताना बघितलंय मी."

मन्मथ कानापर्यंत लाल झाला. "मग तुम्ही कशाला हात देऊन राहिल्या होत्या?"

"आवडत होतं म्हणून," नीला म्हणाली. "तुम्ही आवडता म्हणून."

डाव्याच हातानं त्यानं तिची बोटं घट्ट धरली. "उद्या आईला पाठवू तुमच्या घरी, उदगीरला?"

"सकाळीच पाठवा. नवानंतर बाबा दुकानात जातात."