शनिवारचं तर्पण

खरी अमावास्या येऊन गेली होती. पण ती पडली आठवड्याच्या मधल्या वारी, सगळ्यांची ऑफिसं होती, म्हणून श्रीरंगकाकांनी सर्वपित्री शनिवारी उरकायचं ठरवलं. टेक्सासात पितरसुद्धा वीकेंडलाच मोकळे असतात, असं नकुल म्हणाला. बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते त्यांना छान जमायचं.

जागा अर्विंगच्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर होती. एक आटलेला ओढा, ओकची खुरटी झाडं, आणि भर उन्हात किर्र करणारे किडे. बाबांनी आणि काकांनी ती मराठी मंडळाचा हॉल बांधायला घेतली होती. झाडी तोडायला आलेल्या माणसाला आत दगड सापडले. थडगी! कुणा एल्कना प्रूइटची आणि त्याच्या घरच्यांची. वंशजाची सही मिळाल्याशिवाय ती हलवता येणार नाहीत, असं वकिलाने सांगितलं आणि हॉल तिथेच अडकला.

"घरी बसलाच आहेस, तर वंशज शोध," बाबा नकुलला म्हणाले होते.

घरी बसलाच आहेस! कॉलेज सोडल्यापासून प्रत्येक वाक्याची सुरुवात हीच. लोकांना मात्र बाबा सांगायचे, 'गॅप घेतलाय.'

चिडून का होईना, नकुल कामाला लागला. प्रूइट टेनेसीहून बैलांच्या गाडीतून आला, तेव्हा इथे गाव नव्हतं. बायको गेली, मोठी मुलं तापाने गेली. धाकटा तेवढा वाचला. तो एक दिवस बापाशी भांडून घरातून निघाला आणि त्यानंतर त्याचा कुठेही पत्ता नाही. ना लग्न, ना मूल, ना थडगं. म्हातारा मात्र मरेपर्यंत संध्याकाळी वाटेकडे तोंड करून बसायचा म्हणे. नकुलला तो धाकटा आवडला होता. निदान निघाला तरी!

"जागेचा मूळ पुरुष आहे. त्यालाही पाणी देऊ, म्हणजे शांत होईल," काका म्हणाले.

"गोत्र काय घ्यायचं त्याचं?" बाबांनी विचारलं.

"माहीत नसेल तर काश्यप. चालतं."

काकांनी फोनवर मंत्र लावले. बाबा गवतावर चटई टाकून बसले. पुढ्यात ताम्हन, तांब्या, वाटीत काळे तीळ. नकुल शेजारीच वाकून, प्रूइटच्या दगडावरचं शेवाळं हाताने खरवडून फोटो काढत होता.

बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घेतले आणि काकांकडे बघून डोळा मारला.

"प्रूइटसाहेब, वारस वारस करून आमचा जीव खाल्लात. हा घ्या! आमच्या काही कामाचा नाही."

आणि पाणी सोडलं. अंगठ्याच्या बाजूने, पितरांना सोडतात तसं. ते दगडावर ठेवलेल्या नकुलच्या हातावरून घरंगळत खाली गेलं. काका खो खो हसले.

आई हसली नाही. "अहो, हातात पाणी असताना असलं काही बोलू नये..."

"जोक केला गं, सुहासिनी!"

नकुलच्या डोक्यात तिडीक गेली. "चालेल मला," तो म्हणाला. "हा बाप निदान वाट तरी बघायचा."

तो हे बोलला आणि किडे थांबले. सगळे एकदम. काकांच्या फोनमधला भटजी तेवढा पुढे म्हणत राहिला.

नकुल आईची जुनी गाडी घेऊन तिथून निघाला. हातावर तीळ चिकटले होते. त्याने ते पँटला पुसले. गेले नाहीत. सिग्नलला थांबल्यावर नखाने काढून पाहिले. कातडीच ओढली जात होती.

गावातल्या छोट्या म्युझियममध्ये मिस लोरेटा बसायची. सत्तरी उलटलेली, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी. नकुल गेले कित्येक आठवडे तिच्याकडे खेपा घालत होता. ती त्याला 'नॅकूल' म्हणायची आणि दर वेळी एक गोळी द्यायची. नवे फोटो तिला दाखवायचे, एवढंच काम होतं.

आज ती त्याला बघून खुर्चीतून उठली. टेबलाला धरून, सावकाश.

"आलास..." ती इंग्रजीत, कुजबुजल्यासारखं म्हणाली. "फार वेळ लावलास, हनी."

"ट्रॅफिक होतं."

ती हसली नाही. तिने बरणीही पुढे केली नाही.

"मिस लोरेटा, मी आहे. नॅकूल."

"नाव तू काहीही सांग. कपाळ त्याचंच आहे. प्रूइटचं."

"त्यांचा एकही फोटो नाहीये. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? तुला?" ती गोंधळली. "आपण तर आज पहिल्यांदा भेटतोय."

म्हातारपण, दुसरं काय, असं स्वतःला बजावत तो बाहेर आला. कडक ऊन होतं, तरी अंगणात ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात बैलांच्या अंगाचा. नकुलने उभ्या जन्मात बैल जवळून पाहिला नव्हता. मग हा वास बैलांचा, हे त्याला कसं कळलं?

त्याने फोन तोंडासमोर धरला. फोन उघडेना. घाम पुसून धरला. चष्मा काढून धरला. फोनला त्याचा चेहरा ओळखूच येईना. शेवटी नंबर दाबल्यावर उघडला, तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. नंबर तरी आपलाच आहे.

त्याने आईला फोन लावला.

"हॅलो? हू इज धिस?"

"आई, मी..."

पलीकडे नुसती खरखर. "हॅलो? हॅलो?" मग आईचा आवाज, दुसऱ्या कुणाशी तरी, "राँग नंबर वाटतं." आणि कट.

घरी येईपर्यंत त्याने सगळं जुळवून टाकलं होतं. हे नाटक आहे. बाबांनी आईलाही त्यात ओढलंय. धडा शिकवायचाय मुलाला! आणि लोरेटा? तिचं मात्र काही जुळत नव्हतं. तो तिचा विचार टाळत राहिला.

सूर्य अजून मावळला नव्हता. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. त्याने बेल दाबली.

बाबांनी दार उघडलं. आधी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे रस्त्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि ते हसले. ऑफिसातल्या गोऱ्या साहेबांसाठी राखून ठेवलेलं हसू.

"गुड इव्हिनिंग! हाऊ कॅन आय हेल्प यू?"

"बस झालं, बाबा."

बाबा तसेच हसत, मान किंचित कलती करून थांबले. ज्याचं बोलणं कळलं नाही त्याने पुन्हा बोलावं म्हणून थांबतात तसे.

"कोण आहे हो?" आतून आईचा आवाज आला.

"अगं, त्या जागेचे प्रूइट! म्युझियममधल्या बाई म्हणाल्याच होत्या फोनवर, की वारस सापडला." बाबांचा आवाज आनंदाने कापत होता. "सुटलो बघ. प्लीज, कम इन, सर. प्लीज!"

सर. बाविसाव्या वर्षापर्यंत नकुलने बाबांच्या तोंडून स्वतःसाठी एवढा आदर कधी ऐकला नव्हता. तो आत गेला. का गेला, ते त्यालाही कळलं नाही. बाबांनी त्याला पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं, पुढ्यात संमतीचा कागद ठेवला, पेन उघडून हातात दिलं.

नाटक असेल तर आईचा चेहरा सांगेल. तिला खोटं बोलता येत नाही.

आई पाण्याचा ग्लास घेऊन आली. कागदी ग्लास, बाहेरच्यांसाठीचा.

"आई," नकुल म्हणाला.

तिचा चेहरा खुलला. "ओ! यू नो सम मराठी? हाऊ नाइस!"

मग ग्लास देताना तिची नजर त्याच्या हातावर पडली. तिळांवर. तिने हात पुढे केला, लहान पोराचं तोंड पुसायला करतात तसा, आणि मध्येच थांबली. कपाळाला आठी घालून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. आपण काय करायला निघालो होतो, ते विसरल्यासारखी.

"सही इथे, सर," बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि वळली. टेबलाकडे बघत, पाहुण्याला कळू नये म्हणून मराठीत, हळू आवाजात तिने विचारलं, "अहो... आपण दोघंच ना? मग पानं तीन का घेतली मी?"

नकुलच्या खुर्चीपुढे ताट वाढलेलं होतं. खीर, वडे, आणि त्याला आवडते म्हणून डाव्या बाजूला जास्तीची आमसुलाची चटणी.

बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

"पितरांचं असेल," ते म्हणाले.