गुलाबाच्या वासाचं कोकरू

"दादा, धाव! ती परत मारतेय त्याला!"

टिकलीची किंकाळी ऐकून तिचा दादा आणि मामेभाऊ फुगा गोठ्यात धावले. सुट्टीत मावशीची कोकरं सांभाळायची म्हणून तिघंही केवढ्या हौसेने आली होती! आणि समोर हे काय? नुकतीच व्यालेली काळतोंडी मेंढी आपल्याच पिल्लाला धडका देत होती. पिल्लू धाडकन भिंतीवर आदळलं. टिकलीने फळीखालून हात घालून त्याला बाहेर ओढलं.

"लांब व्हा सगळे!" बादली घेऊन आलेले मावशीचे यजमान, काका ओरडले. "मेंढ्या पिसाळल्यात! सकाळी एक कोकरू गेलंच. तुमची मावशी डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही!" आणि गरम पाणी आणायला ते घरात गेले.

टिकलीने पिल्लाच्या तोंडात बोट घातलं. तोंड आतून गार होतं! कोकराचं तोंड गार पडलं की वेळ थोडा उरला, त्याच्या पोटात आईचा चीक, म्हणजे पहिलं दूध, जायलाच हवा, असं मावशीने बजावलं होतं.

"हेही मरणार का रे?" तिने विचारलं.

"मरत नाही काही," दादा म्हणाला खरा, पण त्याचंही तोंड उतरलं होतं.

तिने पिल्लाला छातीशी धरलं आणि एकदम थबकली. "फुग्या, ह्याचा वास घे!"

"ई! मी नाही."

"घे म्हणते ना!"

फुग्याने नाक पुढे केलं. "अगं, गुलाब! काकांच्या अंघोळीच्या साबणाचा वास!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यातली म्हातारी मेंढी मात्र आपल्या पिल्लाला शांतपणे पाजत होती. ती कुरणातच व्याली होती. तिचं पिल्लू चिखलाने माखलेलं, आणि वास? नुसता मेंढीचा!

"काका पिल्लांना साबणाने धुतात!" दादा ओरडला. "मेंढी पिल्लाला वासावरून ओळखते. हिला वाटतंय, हे कोणा परक्याचं!"

"मग वास परत आणायचा," टिकली म्हणाली. पण त्यासाठी फळीपलीकडे, मेंढीच्या खणात जायला हवं होतं. काळतोंडी खूर आपटत होती. आणि खरंच पिसाळलेली असली तर? तरी तिघंही आत शिरली.

दादाने काळतोंडीला भिंतीशी दाबून धरलं. फुग्याने डोळे मिटून मागून रेटा दिला. "लवकर गं! माझी चटणी होतेय इथे!"

टिकलीने ओल्या फडक्याने साबणाचा वास पुसून काढला. जिथे मेंढी व्याली होती तिथलं ओलं गवत तिने पिल्लाच्या अंगावर खसाखसा चोळलं. मग काळतोंडीचा चीक ओंजळीत पिळून पिल्लाच्या ओठांना, शेपटीला, सगळीकडे लावला.

"सोडा तिला."

"वेडी आहेस का?"

"सोडा!"

काळतोंडीने मान खाली घातली. टिकलीने डोळे गच्च मिटून घेतले. आता धडक बसणार! पण आवाज आला तो लप् लप्. मेंढी पिल्लाला चाटत होती! पिल्लू धडपडत उठलं, चुकून फुग्याची चड्डी चोखू लागलं, आणि शेवटी त्याला आईचं आचळ सापडलं. टिकली रडतच सुटली.

तेवढ्यात शेजारच्या खणात दुसरी मेंढी कण्हू लागली आणि दारात काका! हातात वाफाळती बादली, खांद्यावर टॉवेल.

"काका, न्हाणीघरात नळ वाहतोय!" फुगा बेधडक ओरडला. काका उलट्या पावली पळाले. ते वाहता नळ शोधत बसले, तोवर नवं कोकरू जन्मलं होतं आणि आईने स्वतःच ते चाटून कोरडंही केलं होतं.

मावशी डॉक्टरांना घेऊन आली आणि सगळं ऐकून काकांकडे बघतच राहिली.

"अगं, मला वाटलं, स्वच्छ असलेलं बरं..." काका पुटपुटले. सकाळच्या कोकराची आठवण येऊन त्यांचे डोळे भरले. "माझ्यामुळे गेलं गं ते."

"अति तिथे माती, दुसरं काय!" मावशी हळूच म्हणाली. डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड तपासलं. ते उबदार होतं! "शाब्बास! आज माझं काम तुम्हीच केलंत."

"पण आम्हाला घरात कोण घेणार?" फुग्याने स्वतःचीच बाही हुंगून नाक मुरडलं. तिघांच्याही अंगाला मेंढीचा वास मारत होता.

मावशीने तिघांना एकदमच कवेत ओढलं आणि प्रत्येकाच्या डोक्याचा खोल वास घेतला.

"मी घेणार. माझीच आहेत ही कोकरं!"