पोटातला पहारेकरी

आतड्याच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून डॉ. हेमलता गवंडींनी भिंगाला डोळा लावला. तुकडा त्यांच्या आईचाच होता.

"पहारेकरीच अस्तर खातोय," शेजारून डॉ. मुजावर म्हणाले.

पहारेकरी म्हणजे या दोघांनी प्रयोगशाळेत घडवलेला जंतू. एकदा का पोटात ठाण मांडून बसला, की घाण पाण्यातले पटकीचे, हगवणीचे जंतू गट्टम करायचा. खाणवस्तीत पहिला डोस आईनेच घेतला, लेकीच्या भरवशावर; मग सगळ्या वस्तीने. पोरं दगावायची थांबली आणि झालं! महापालिकेने हात झटकले. माणसंच आतून शुद्ध झाली, आता पाणी कशाला शुद्ध करायचं, असं म्हणणारे दीडशहाणे पैशाला पासरी होते. वस्ती नाल्याचंच पाणी पीत राहिली.

"पण इतकी वर्षं काही झालं नाही. आताच का?"

"मॅडम, तुम्ही आईंना गेल्या महिन्यात वस्तीतून तुमच्या टॉवरमध्ये राहायला आणलंत. तिथलं पाणी स्वच्छ. पहारेकऱ्याला खायलाच काही उरलं नाही. भुकेला तो, बसल्या जागीच खायला लागला."

"औषधाने मारू त्याला."

"कुठल्याही औषधाने मरू नये, असाच घडवलाय ना आपण?"

"मग निर्जीव जंतू चारू."

"जिवंतच लागतात त्याला."

हेमलताबाईंना रडू आवरेना. आईला जगवायचं तर तिला गटार पाजायचं! आणि मग एकदम त्यांना आठवलं. आज खाणवस्तीत नळ येणार होता. मंत्रालयाचे उंबरे झिजवून त्यांनीच ती योजना मंजूर करून आणली होती.

त्यांनी घाईघाईने भावजयीला फोन लावला. पलीकडे हलगी कडाडत होती.

"शेवंतावहिनी, नळाचं पाणी कुणी पिऊ नका! नाल्याचंच प्या. हात जोडते!"

"काय बोलताय वन्सं? सासूबाईंना टॉवरात नेऊन चांगलं पाणी पाजता, आणि आम्ही नाला प्यायचा होय?"

"अहो, त्या पाण्यानेच आई मरायला टेकलीय!"

"चांगल्या पाण्याने कधी कुणी मेलंय? शिकलेल्या बाईला शोभतं का हे? आणि कुठला नाला घेऊन बसलात? तो सकाळीच बुजवला. नारळ माझ्याच हातून फोडवून घेतला सगळ्यांनी."